फौज निवडणेबाबत

कमलेशचं लग्न ठरायला आता एकच अडचण उरली होती. त्याला फौज निवडता येत नव्हती.

मुलगी पसंत होती. उज्ज्वला तिचं नाव. घर जव्हारला, नोकरी खोडाळ्याच्या पुढे डोंगरपाड्याच्या शाळेत. पोह्यांच्या कार्यक्रमात तिने कमलेशला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही खोटं बोलता का?" कमलेश मोखाड्यातल्या एका सरकारी कार्यालयात क्लार्क होता. (कुठल्या, ते विचारू नका. पुढची हकिगत ऐकून तुम्हीच म्हणाल, बरं झालं सांगितलं नाही.) तो म्हणाला, "ऑफिसात बोलावं लागतं. घरी सवय नाही." त्यावर ती खळखळून हसली होती, आणि त्या हसण्यामुळे कमलेशला पंधरा दिवस जेवणात मीठ कमी आहे की जास्त ते कळत नव्हतं.

पण उज्ज्वलाचा मोठा भाऊ मंगेश ठाण्याला कंपनीत कॉम्प्युटरवर होता, आणि घरात ठाण्याला असलेल्या माणसाचं मत शेवटचं धरायची पद्धत होती. मंगेशचा कुंडलीवर विश्वास नव्हता. "कमलेशराव," तो म्हणाला, "माणसाला दोन तास गेम खेळायला बसवायचं. सगळा माणूस बाहेर येतो." या परीक्षेत आधीची दोन स्थळं नापास झाली होती. पहिल्याने हरायला लागल्यावर स्वतःचीच राजधानी पेटवून दिली होती. दुसऱ्याने राजाला एकट्याला शत्रूवर सोडलं आणि आपण चहा प्यायला बाहेर गेला.

मंगेशने कमलेशच्या हातात एक जाडजूड पुस्तिका ठेवली. मूळ गेम लढायांचा, त्यावर परदेशातल्या काही रिकामटेकड्यांनी आपल्या मनाचा दुसराच गेम चढवलेला, त्याला म्हणे मॉड म्हणतात. त्यात जादूची दुनिया होती आणि अकरा फौजा होत्या. "रविवारी जव्हारला येतो," मंगेश म्हणाला. "तोवर यातली एक निवडून ठेवा. नवशिक्याला सोपी पडेल अशी. कुठली निवडता आणि का निवडता, तेच मला बघायचंय."

कमलेशने आयुष्यात कॉम्प्युटरवर पत्रांशिवाय काही केलं नव्हतं. तरी तो घाबरला नाही. अकरा गोष्टींतून एक निवडायची तर तुलनात्मक तक्ता करायचा, एवढं त्याला नोकरीने शिकवलं होतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसच्या कॉम्प्युटरपुढे बसला.

आता इथे त्या कार्यालयाची एक रीत सांगायला हवी. तिथे नवं पत्र कुणी टाइप करत नसे. जुनं उघडायचं, विषय बदलायचा, तारीख बदलायची. गेल्या सहा वर्षांत त्या कॉम्प्युटरवर एकही पत्र पहिल्यापासून लिहिलं गेलं नव्हतं. तयार तक्ता असलेलं जुनं पत्र कमलेशला एकच सापडलं, 'सुधारित जातीची कोंबडी निवडणेबाबत'. त्यात रकाने आयतेच होते: नाव, खाद्य, डोंगराळ भागात टिकेल का, शेरा. त्याने त्यात 'शेजारी' असा एक रकाना वाढवला, 'सुधारित जातीची'च्या जागी 'नवशिक्यास सोयीची' आणि 'कोंबडी'च्या जागी सगळीकडे 'फौज' घातलं, आणि पुस्तिकेतून एकेक फौज उतरवून काढली. कागद छापून टेबलावर ठेवला, संध्याकाळी घरी नेऊन शांतपणे विचार करू म्हणाला, आणि डबा धुवायला गेला.

पुंजा हा त्या कार्यालयाचा शिपाई. बावीस वर्षांत त्याने एकही कागद टेबलावर पडू दिला नव्हता. त्याने तो उचलून मोठ्या साहेबांच्या सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवला. साहेबांनी गठ्ठ्याच्या वेगाने सही केली. आवक-जावकच्या नीताताईंनी जावक क्रमांक टाकला, प्रती काढल्या, आणि अडीच वाजता सुटणाऱ्या जीपगाड्यांतून तो कागद तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींकडे निघाला. कमलेश डबा धुऊन, हात पुसून, नळावर गप्पा मारून परत आला तेव्हा टेबल स्वच्छ होतं.

"पुंजाभाऊ, इथला कागद कुठंय?"

"गेला ना भाऊसाहेब. तुमी कायबी काळजी करू नका, खोडाळ्याची जीप सुटत होती, मी धावत जाऊन दिला."

कमलेशने नीताताईंकडची कार्यालयीन प्रत पाहिली आणि तो खुर्चीत बसला. पत्रात लिहिलं होतं, "सोबतच्या तक्त्यातील अकरा फौजांपैकी नवशिक्यास सोयीची एक फौज ग्रामसभेत निवडून अहवाल तीन दिवसांत सादर करावा. प्रत्येक लाभार्थ्यास दहा फौजा व एक कोंबडा देण्यात येईल. फौजेला ओलसर जागी ठेवू नये. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपणावर राहील." आणि सगळ्यात खाली, जुन्या पत्रातून जशीच्या तशी आलेली ओळ होती, "प्रत जिल्हा कार्यालयास माहितीसाठी सविनय सादर."

मंगळवारी सकाळी जव्हारहून साहेबांना फोन आला. "अहो, ही फौजांची योजना मोखाड्यालाच कशी? आमच्या तालुक्यावर अन्याय का?" साहेबांनी फोन ठेवून कार्यालयीन प्रत मागवली. ती त्यांनी दोनदा वाचली. मग कमलेशला आत बोलावलं.

"कमलेश, हे काय आहे?"

"साहेब, माफ करा, चुकून..."

"खाली सही कुणाची आहे?"

"आपली."

"मी न वाचता सही करतो का?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नव्हतं. कमलेशने त्यातल्या त्यात सुरक्षित उत्तर दिलं. "नाही साहेब."

"मग चूक कशी असेल? मी वाचलं, विचार केला आणि सही केली. आता मला सांगा, ही योजना काय आहे?"

"साहेब, रद्द केल्याचं पत्र काढतो ना. आत्ता टाइप करतो."

"रद्द करायला कारण लिहावं लागतं," साहेब थंडपणे म्हणाले. "योजना चालू ठेवायला काहीच लिहावं लागत नाही."

बुधवारपासून अहवाल यायला लागले. त्या तालुक्यात रस्ता वेळेवर पोचत नाही, डॉक्टर पोचत नाही, पण जावक क्रमांक असलेल्या कागदाचं उत्तर वेळेवर पोचतं. एका ग्रामपंचायतीने लिहिलं, "आमच्या हद्दीत एकही फौज नाही, माहिती निरंक." दुसरीने लिहिलं, "भेदभाव न करता अकराही मंजूर कराव्यात." तिसरीने फौज ठेवायला जागा नसल्याने समाजमंदिराची कौलं आधी बदलून मागितली. चौथीची तक्रार होती की मागच्या वर्षी दिलेल्या फौजा पावसाळ्यात रोग येऊन मेल्या आणि पाहायलाही कुणी आलं नाही. बहुतेकांनी फौजेबद्दल काही न लिहिता कोंबडा कधी मिळणार, एवढंच विचारलं होतं.

डोंगरपाड्याचा अहवाल मात्र आला नाही. तिथून मुलीच्या सुरेख अक्षरात एका ओळीचं पत्र आलं: "ग्रामस्थांच्या शंका असल्याने योजनेचा जाणकार अधिकारी मार्गदर्शनास पाठवावा." ग्रामसेवकाचं अक्षर म्हणजे पाय भाजलेल्या मुंगीची चाल, हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. तेव्हा हे पत्र शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतलं होतं, हे उघड होतं. आणि त्या शाळेतल्या बाई म्हणजे उज्ज्वला.

"तुम्हीच जा," साहेब म्हणाले. "तालुक्यात तुमच्याएवढा जाणकार कुणी नाही."

शुक्रवारी सकाळी कमलेश जीपच्या मागच्या दांडीला लोंबकळत डोंगरपाड्याला पोचला. सभा शाळेच्या ओट्यावर होती. भात झोडून झालेलं, नागली घरात आलेली, त्यामुळे माणसं निवांत होती आणि झाडून सगळी आली होती. मधोमध फळ्यापाशी त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली. आणि फळ्याशेजारी, पत्राची प्रत हातात धरून, चेहऱ्यावर काहीही न दाखवता उज्ज्वला उभी होती.

तो गेम तिने पुरता ओळखला होता. मंगेश सुट्टीला आला की घरात त्या फौजांशिवाय दुसरं बोलणं नसे. कमलेशला वाटलं, ही एक वाक्य बोलली तरी आपलं लग्न, नोकरी आणि अब्रू एकाच जीपने परत जातील. पण ती एवढंच म्हणाली, "बसा सर. सांगा योजना."

कमलेश उभाच राहिला. त्याने तक्ता उघडला. "पहिली फौज, झाडांवर राहणारे लोक. हे उंच असतात, गोरे असतात, जंगल राखतात. कुणी झाड तोडलं की लांबून बाण मारतात."

"फारेष्टवालं!" मागून ढवळू ओरडला. ढवळूला जळणाच्या मोळीपायी दोनदा नाक्यावर उभं केलं होतं. "ती फौज नको. हाय तीच लय झाली."

ओट्यावर माना हलल्या. झाडांवरचे लोक एकमताने नामंजूर झाले.

"दुसरी फौज... मेलेल्यांची," कमलेश म्हणाला आणि घाम पुसला. "हे मेलेले असतात, पण कामाला येतात. खात नाहीत, पीत नाहीत, तक्रार करत नाहीत."

"नवीन काय त्यात?" एक म्हातारा म्हणाला. "मतदानाला येतातच की."

"तिसरी, घोडेवाले. मोठी फौज, खूप वेगाने जाते."

"चारा?" हा प्रश्न पहिल्या रांगेतून आला. विचारणारीचं नाव हौशी. साठी उलटलेली, कपाळावर गोंदण, मांडीवर नातवंड. आख्ख्या पाड्यात म्हैस घ्यायची असो की सोयरीक करायची, हौशीआजीने चार प्रश्न विचारल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे. "एवढ्या घोड्यांना चैत्रात चारा कोन घालल? तू?"

"पुस्तकात ते दिलेलं नाही, आजी."

"मंग पुस्तक लिवणाऱ्यानं घोडा पाळला नाय."

चौथी फौज डोंगर पोखरून राहणाऱ्या बुटक्यांची होती, ती लोकांना बरी वाटत होती. पण त्यांना पाच राज्यांच्या सीमा लागून आहेत असं कळल्यावर हौशीआजीने तीही खोडली. "पाच बांध म्हंजे पाच भांडनं. रोज उठून कोनाकोनाशी तोंड वाजवाचं?" अशा करत करत एकेक फौज गळत गेली. कमलेश थोडा सावरला. सभा संपत आली होती, उज्ज्वला गप्प होती. आणखी दहा मिनिटं, की सुटलो.

तेवढ्यात उज्ज्वलाने हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

"सर, एक शंका आहे. ही फौज नवशिक्यासाठी निवडायची आहे ना?"

"हो."

"नवशिका कोण?"

कुणाच्या तरी कोंबडीने तेवढ्यात अंगणात आवाज केला. कमलेशपुढे दोन रस्ते होते. 'शासन लवकरच नवशिक्यांची यादी जाहीर करेल' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, सहा वर्षांच्या नोकरीने ते घासूनपुसून ठेवलं होतं. त्याने उज्ज्वलाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, हातातल्या पत्राकडे पाहत होती, पण पत्र उलटं धरलेलं होतं.

"मी," कमलेश म्हणाला.

"काय?" ढवळू म्हणाला.

"नवशिका मी आहे. योजना वगैरे काही नाही. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. मला लग्न करायचंय, आणि मुलीचा भाऊ म्हणतो आधी फौज निवडून खेळून दाखव. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तक्ता केला तो कोंबड्यांच्या पत्रावर केला, आणि ते पत्र चुकून गावोगाव गेलं. चूक माझी आहे. तुमचा आजचा दिवस खाल्ला, माफी असावी."

एवढं बोलून तो खाली बसला. त्याला खरोखर हलकं वाटलं, आणि त्याच वेळी आपण आता बिनलग्नाचेच मरणार याची खात्रीही पटली.

मग हौशीआजीने पहिला प्रश्न विचारला. "म्हंजे कोंबडा नाय?"

"सरकारचा नाही, आजी. तुम्हाला एक मी देईन. माझ्या घरचा."

"बरा हाय पोरगा," हौशीआजी शेजारणीला म्हणाली. मग कमलेशकडे वळून तिने आवाज चढवला. "आदी सांगाचं ना लग्नाचं काम हाय! आमी इथं सरकारचं समजून उडवाउडवी करत बसलो. ए ढवळू, त्या भाऊसाहेबाला पानी दे. आन् कागद परत वाच, पैल्यापासून. आता नीट बघू."

आणि सभा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. सरकारी योजना म्हणून जांभया देणारे लोक लग्नाचं काम म्हटल्यावर सरसावून बसले. तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला गेला. नवव्या क्रमांकावर दलदलवाले होते. कमलेशने त्यांच्यापुढे शेऱ्यात 'दिसायला बेडकासारखे' असं लिहून ते आधीच मनातून बाद केले होते.

"र्‍हातात कुठं?" हौशीआजी.

"चिखलात."

"खातात काय?"

"भात. मासे, खेकडे."

"शेजारी किती?"

"एकच."

हौशीआजीने नातवंड खाली ठेवलं. "पोरा, चिखलात र्‍हातात, भात लावतात, खेकडं खातात, आन् भांडायला एकच दार. हे तं आपलंच लोक! तोंडाचं काय घिऊन बसला? हीच घे. आन् एक ध्यानात ठेव. भात घरात येईस्तोवर कोनाशी भांडाया जायाचं नाय. कोनी आला तं येऊ दे चिखलात."

ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक हौशी, अनुमोदक ढवळू. लिहून घेतला उज्ज्वलाने. ठराव लिहिताना तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे, ते कमलेशला पाठीमागून कळेना. त्याला जीप गाठायची होती, म्हणून विचारायचंही राहून गेलं.

रविवारी जव्हारला मंगेशच्या मित्राच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये परीक्षा झाली. उज्ज्वलाही आली होती, 'दादाला डबा द्यायला'. कमलेशने दलदलवाले निवडले तेव्हा मंगेशने भुवया वर केल्या. "हे कुणीच घेत नाही. का घेतलेत?"

"शेजारी एकच आहे," कमलेश म्हणाला. "ग्रामसभेचा ठराव आहे."

मंगेशने घोडेवाले घेतले. पहिला तासभर कमलेशने एकही सैनिक हलवला नाही. त्याने भात लावला, बांध घातले, मासे धरले आणि पुन्हा भात लावला. मंगेशला हे सहन होईना. "अहो, लढा ना! लढायचा गेम आहे हा." "भात घरात यायचाय," कमलेश म्हणाला. शेवटी मंगेशने आपली सगळी घोडदळं एकदम त्याच्यावर सोडली. ती दौडत आली, दलदलीत शिरली आणि गुडघ्याएवढ्या चिखलात रुतून जागच्या जागी उभी राहिली. बेडकासारखे दिसणारे लोक सावकाश चालत आले आणि त्यांनी एकेक घोडा मोजून धरला.

"ओलसर जागी ठेवू नये, असं पत्रात स्पष्ट म्हटलं होतं," उज्ज्वला म्हणाली.

मंगेशने माउस भिंतीवर आपटला.

त्याचे दोन तुकडे झाले. उज्ज्वलाने डब्याचं झाकण लावलं आणि भावाकडे पाहून गोड आवाजात म्हणाली, "दादा, दोन तासांत सगळा माणूस बाहेर येतो म्हणतात, ते खरंय हो." मंगेशने माउसचे तुकडे गोळा केले, थोडा वेळ पाहिले, आणि मग त्यालाच हसू फुटलं. "तारीख काढायला सांगा बाबांना," तो म्हणाला.

लग्न वैशाखात झालं. हौशीआजीला कोंबडा आधीच पोचला होता, तो तिने आहेर म्हणून परत आणला. कार्यालयातून सगळे आले. पत्रिकेचा मजकूर कमलेशने ऑफिसातच टाइप केला होता, त्यामुळे खाली 'गैरहजर राहिल्यास लेखी खुलासा सादर करावा' अशी ओळ राहून गेली होती, आणि न आलेल्या सहा ग्रामसेवकांचे खुलासे पुढच्या आठवड्यात पोचले.

योजना मात्र बंद झाली नाही. जिल्ह्याला प्रत गेली होती ना. तिथून दर तीन महिन्यांनी पत्र यायचं, "फौज निवडीची प्रगती तात्काळ कळवावी." कमलेश जुनं पत्र उघडायचा, तारीख बदलायचा, 'चालू तिमाहीत वाढ : निरंक' असं लिहायचा. पुंजा ते गठ्ठ्यात घालायचा, साहेब सही करायचे, नीताताई क्रमांक टाकायच्या. पाच तिमाही अशा गेल्या.

सहाव्या तिमाहीत कमलेश तीन दिवसांची रजा संपवून कामावर आला. झोप झालेली नव्हती, पण चेहरा उजळलेला होता. त्याने जुनं पत्र उघडलं, तारीख बदलली. 'निरंक' खोडलं. क्षणभर विचार करून त्याने टाइप केलं, "चालू तिमाहीत फौजेत वाढ : एक (मुलगी). डोंगराळ भागात टिकेल. खाद्य : दूध." साहेब काही वाचत नाहीत, हे त्याला माहीत होतं. कागद गठ्ठ्यात गेला.

तासाभराने पुंजा तोच कागद घेऊन परत आला. सही झालेली नव्हती. समासात साहेबांच्या लाल शाईत लिहिलं होतं, "अद्याप पेढे प्राप्त नाहीत. तीन दिवसांत खुलासा करावा."